लाल अक्षरांतली गावं

मेलमध्ये रंगीत अक्षरं टाकत जाऊ नका रे. मी तहसीलीत कॉम्प्युटरवर होतो तेव्हाचं सांगतो. धरण भरलं होतं, रात्री गेट उघडणार होते. वरून मेल आला, “लाल अक्षरांतली गावं लगेच रिकामी करा.” आमच्या मशीनवर मेल साध्या अक्षरांत उघडायचा. सगळीच गावं काळी.

“लाल कोणती?” नायब तहसीलदार मॅडमनं विचारलं.

“लाल काहीच नाही दिसून राहिलं, मॅडम.”

वर फोन लागेना. मॅडमनं फोन ठेवला. मग म्हणाल्या, “सगळीच लाल समज. गाड्या काढायला सांग.”

पहाटे काही गावांत पाणी घुसलं, पण आत माणूस नव्हता. टेकडीवरच्या गावचा सरपंच मात्र मॅडमवर तापला, “आमाले काऊन आणलं? टेकडीवर पाणी चढलं असतं, तं तुमची तहसील राह्यली असती काय?”