गाण्याआधीचं पाणी

पोलीस ठाणे, लातूर. दिनांक १५/०४/१९८३.

शेषेराव लक्ष्मण नरवाडे, वय ४६ वर्षे, धर्म बौद्ध, व्यवसाय रेल्वेत गँगमन, रा. मुदखेड, जि. नांदेड.

मी आज सकाळी अकरा वाजता ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी व दोन मुलींसह राहतो. नोकरी सांभाळून ढोलक वाजवितो. काल सायंकाळी मयत झालेले नरसिंग सटवाजी धुताडे, वय ३२, रा. हदगाव, हे आमच्या गायन पार्टीचे मुख्य गायक होते. जिनिंगमध्ये हमाली करीत. मी त्यांना तीन वर्षांपासून ओळखतो.

आमच्या पार्टीचे नाव 'ग्यानोबा पाईकराव स्मृती गायन पार्टी' असे आहे. कालकथित ग्यानोबा पाईकराव, ज्यांना सगळे दादा म्हणत, हे हदगावचे नामांकित गायक होते. मी त्यांच्यासोबत सतरा वर्षे वाजविले. ते १९७९ साली वारले. पुढच्या वर्षी आम्ही जुन्या साथीदारांनी ही पार्टी काढली. आम्ही फक्त दादांचीच गाणी म्हणतो, त्यांच्याच क्रमाने, त्यांच्याच चालीत. नरसिंग यांचा आवाज दादांसारखा होता. बाकीचे मी शिकविले. पहिल्या ओळीआधी दादा एकदा खाकरत आणि डोळे मिटून थांबत. ते थांबणे ढोलकाच्या आठ मात्रांचे असे. नरसिंग यांना ते बसायला चार महिने लागले. दादांचा काळा लोकरी कोट त्यांच्या पत्नी धोंडाबाई यांनी आम्हाला दिला. तो नरसिंग घालीत. गावोगावी म्हाताऱ्या बाया त्यांना पाहून पदर डोळ्याला लावीत.

विचारल्यावरून सांगतो की, दादा गाण्याआधी पाणी पीत नसत असे सगळीकडे सांगितले जाते. ते खरे नाही. दादा कार्यक्रमाआधी तांब्याभर पाणी पीत. बहात्तरच्या दुष्काळात एका गावी आमचा कार्यक्रम होता. आम्ही पाचजण पायी गेलो. विहिरीवर पाणी मागितले तर दोर तुटला म्हणून सांगितले. दोर धड होता. पुढे आपल्या वस्तीत गेलो, तिथे एका घरात एकच घागर भरलेली होती आणि त्या घरात लेकरे होती. बाईने तांब्या पुढे केला. दादा म्हणाले, "बाई, ठिवा. गाणं झाल्याबिगर म्या पाणी पीत नस्तो." कार्यक्रम झाल्यावर गावाबाहेर नदीच्या वाळूत झिरा होता, तिथे दादा ओणवे होऊन पाणी पिताना मी पाहिले. त्या गावाचे नाव मला माहीत आहे. लिहून घेऊ नये, तिथे आता आमचे सोयरे आहेत.

स्मृती पार्टी सुरू झाल्यावर दादांचा हा नेम होता असे मीच लोकांना सांगू लागलो. विहिरीचे सांगत नव्हतो. लोकांना गोष्ट आवडत असे. नरसिंग यांनी ती माझ्याकडूनच ऐकली व त्या दिवसापासून ते नेम पाळू लागले. मी त्यांना खरे काय ते सांगितले नाही. सांगायला वेळ नव्हता असे म्हणता येणार नाही. आम्ही तीन वर्षांत ऐंशीच्या वर कार्यक्रम केले.

लातूर नवा जिल्हा झाल्यावरची चौदा एप्रिलची ही पहिली जयंती. त्यामुळे येथील मंडळाचे किशनराव बनसोडे स्वतः मुदखेडला येऊन आम्हाला आमंत्रण देऊन गेले. एवढ्या मोठ्या शहरात आम्ही कधी वाजविले नव्हते. महिनाभर आम्ही रोज तालीम केली. नरसिंग यांनी कोटाची दोन बटणे नवीन बसवून घेतली. काल सकाळी सात वाजता नांदेडहून उघड्या टेम्पोने निघालो. रस्त्याच्या कडेला बाया घागरी घेऊन टँकरची वाट पाहत बसलेल्या होत्या. नरसिंग टेम्पोत उभे राहून त्या बाया दिसेनाशा होईपर्यंत त्यांच्याकडे बघत होते व मधूनमधून गाणे गुणगुणत होते. ते आनंदात होते.

दुपारी एकला लातूरला पोहोचलो. जेवण झाले. जेवताना नरसिंग यांनी पाणी घेतले, ते शेवटचे. तीन वाजता मिरवणूक निघाली. किशनराव म्हणाले, "पाईकराव दादांची पार्टी ट्रकवर पाहिजे, लोकं वाट बघून राहिले." नरसिंग यांनी कोट घालावा की कसे, असे मला विचारले. मी घाला म्हणालो. मिरवणूक गंजगोलाईला फेरी घालून मैदानावर यायला पाच वाजून गेले. ट्रकवर सावली नव्हती. पहिला तासभर त्यांच्या मानेवरून घाम वाहत होता. नंतर घाम दिसला नाही. ऊन उतरले म्हणून असेल असे मला वाटले.

स्टेजमागे कनातीत आम्ही बसलो. गाण्याआधीचा तो अर्धा तास आम्हा सर्वांना फार प्रिय असतो. पेटीवाला सूर धरतो, मी ढोलकाच्या दोऱ्या ओढतो, पलीकडे माणसे बसत जातात त्याचा आवाज येतो. नरसिंग यांचे हात अशा वेळी गार पडत आणि ते दर थोड्या वेळाने विचारीत, "शेषूभाऊ, लोकं किती हायत?" मी कनात सारून बघत असे आणि आहेत त्यापेक्षा कमी सांगत असे. काल मैदान भरून माणसे रस्त्यापर्यंत होती. मी म्हणालो, "हायत पाच-पन्नास." ते हसले नाहीत.

मंडळाने आमच्यासाठी माठ भरून ठेवला होता. पाण्याची एवढी टंचाई असून भरला होता. माठ माझ्या उजव्या हाताला होता. नरसिंग म्हणाले, "शेषूभाऊ, घोटभर घेऊ का?"

मी म्हणालो, "दादा घेत नव्हते. आता अर्ध्या तासाचा सवाल हाय."

ते "हाव" म्हणाले. पुन्हा मागितले नाही. थोड्या वेळाने त्यांनी मला "दादा" म्हणून हाक मारली. कोटाची बटणे खालीवर लावली होती, ती मी नीट केली. त्यांचा हात काल गार नव्हता, तापलेला होता. तेव्हा मला कळायला पाहिजे होते. बाहेर आमचे नाव पुकारले आणि टाळ्या सुरू झाल्या. मी ढोलक उचलले.

सुमारे सहा वाजता आम्ही स्टेजवर गेलो. नरसिंग माईकसमोर उभे राहिले आणि खाकरले. लोकांनी ओळखले व टाळ्या वाजविल्या. मग त्यांनी डोळे मिटले. मी मात्रा मोजू लागलो. आठ झाल्या. ते गायले नाहीत. मैदान शांत झाले होते. दादांपेक्षाही मोठा ठहराव घेतला, असे पुढे बसलेला एक म्हातारा म्हणाल्याचे मी ऐकले. मलाही क्षणभर तसेच वाटले आणि बरे वाटले. मी सोळापर्यंत मोजले. त्यानंतर नरसिंग माईकसह पुढे पडले.

मी त्यांच्या अंगातला कोट काढला व माठ आणून त्यांच्यावर ओतला. तोंडात पाणी घातले, ते गालावरून बाहेर आले. मंडळाच्या जीपने सरकारी दवाखान्यात नेले. सात वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी मयत घोषित केले. ऊन लागल्याने मृत्यू झाल्याचे त्यांनी सांगितले. माझा कोणावर संशय नाही. मंडळाची काही चूक नाही. त्यांनी पाणी ठेवले होते.

आज सकाळी दहाच्या सुमारास मयताची पत्नी सरजाबाई भावासोबत दवाखान्यात आल्या. त्या रडत नव्हत्या. त्यांनी मला बाजूला बोलावून विचारले, "भाऊजी, त्येनं पानी मागितलं व्हतं का?"

मी म्हणालो, "न्हाई."

त्या म्हणाल्या, "मागनार न्हाई ते. लई मानत व्हते दादाला." एवढे बोलून त्या बाकावर जाऊन बसल्या. मी तेथून निघून सरळ ठाण्यात आलो. मला कोणी बोलावले नव्हते.

माझे सांगणे जमादार साहेबांनी लिहून घेऊन मला वाचून दाखविले. त्यात कमीजास्त काही नाही, ते माझेच आहे. सरजाबाई यांना वाचता येत नाही. त्या अजून दवाखान्यात बसलेल्या आहेत. हा जबाब त्यांनाही कोणीतरी वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

सही/-
शेषेराव लक्ष्मण नरवाडे