सहा दिवस चालणारं घड्याळ

मला सांगा, घड्याळ विकताना भरवसा कुणावर ठेवावा, कंपनीच्या माणसावर की गिऱ्हाइकावर? मी गिऱ्हाइकावर ठेवतो, आणि ते शिकवलं झरीच्या सुमनबाईंनी.

बाई परभणीला माझ्या दुकानात मालकांसाठी, म्हणजे नवऱ्यासाठी, स्मार्टवॉच घ्यायला आल्या. मालकांच्या छातीत दुखून गेलेलं, डॉक्टरांनी नाडीवर लक्ष ठेवा म्हणून बजावलेलं. घड्याळ कंपनीचा माणूस माझ्याकडून ऑर्डर घ्यायला बसलाच होता. म्हणाला, "मावशी, हे घ्या. प्रोसेसर लय फास्ट हाय."

"आमच्या मालकाला कुठं पळायचंय? डाक्टर तर हळू चाला म्हणायलाय. चार्जिंग किती पुरतं?"

"रोज रात्री लावायचं, त्यात काय!"

"मग घड्याळ भिंतीला लटकल्यावर रातभर नाडी भिंतीची मोजू का?"

मी त्याची ऑर्डर तिथंच रद्द केली आणि बाईंना साधं घड्याळ दिलं. खोक्यावर आठ दिवस लिहिलेलं. एका चार्जिंगवर किती दिवस जातात, त्याच्या खुणा बाईंनी कॅलेंडरवर केल्या आणि आठवड्यानं येऊन त्या म्हणाल्या, "सहाच भरले, दादा."

तेव्हापासून मी सहाच सांगतो. तुम्हीही हेच घड्याळ नेताय, तर खुणा करा. फक्त हिशेब खरा ठेवा, एक दिवससुद्धा वाढवू नका. तुमच्या आकड्यावर पुढच्या गिऱ्हाइकाची नाडी आहे.