फियाटीतला रेडिओ : वरून जुना, आतून नवा

...अन् वरून मलेच म्हणतेत, "तू मधात बोलू नको, तुले रेडिओतलं काही समजत नाही." आता तुम्हाले सांगते, चौथी शिकेल बाई हाये मी, कबूल, पण त्या एका रेडिओपायी बीबी गावाले एक खेप अन् देऊळगाव राजाले तीन खेपा कोणी मारल्या? म्या मारल्या! आमचे उत्तमराव (नवऱ्याचं नाव घेतलं, आता या वयात काय लाजाचं) नुसते मांडीवर रेडिओ घेऊन बसत, लेकरू बसवल्यासारखा, अन् दुकानात गेल्यावर एकच वाक्य बोलत. "वरून जुना, आतून नवा पाहिजे." झालं! हे म्हणायले काय जाते?

रेडिओ कोणाचा? माह्या सासऱ्याचा, भगवंतराव मामाजीचा. दुसरबिडात आमच्या अंगणात त्यायची फियाट उभी हाये, पन्नास वर्षांची, तिच्यातला तो रेडिओ. मामाजी चौऱ्याऐंशीचे. तवा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अन् असा पिकला का एके दिवशी गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणतेत, "सुनबाई, चहाचं पाहा." मी मागं उभी! म्हशीनं उत्तर देलं नाही, तं दिवसभर माह्यावर रुसले.

जालन्याच्या डॉक्टरनं तारीख देली अन् बजावून सांगितलं का आता उशीर केला तं डोळा हातचा जाईन. मामाजी नाही म्हणाले का? छे! सरळ तोंडावर नाही म्हणाचे पैलवान नाहीत ते. म्हणे, येतो ना, पण यष्टीत बसणार नाही, भाड्याच्या गाडीत बसणार नाही. माह्या फियाटीत येईन, अन् तिच्यातला रेडिओ वाजत असन तरच येईन.

रेडिओ बंद पडून नऊ वर्षं झालते! मामाजीले ते पक्कं माहीत, म्हणून तं ही अट. भेत होते ते, दुसरं काय... पण 'भेतो' म्हणायले जीभ उचलत नाही ना, मंग रेडिओ मधात घालाचा.

म्या म्हटलं, नवा बसवून टाका, त्यायले कुठं दिसते? तं आमचे हे म्हणतेत, "दिसत नाही, पण बाबा बोटानं पाह्यतेत. वरून जुना..." पुढचं तुम्हाले पाठ झालं असन.

बीबीत गाडी सजवणारा एक जण हाये. त्यानं रेडिओ असा दोन बोटांत धरला, मेलेला उंदीर धरतेत तसा. "काकू, हे भंगार फेका. मी एवढा मोठा स्क्रीन लावून देतो, गाडीच्या मागचं बी दिसन त्याच्यात." म्या म्हटलं, बाबू, ज्याच्यासाठी लावाचा त्याले समोरची म्हैस दिसत नाही, तू मागचं काय दाखवतं? रेडिओ उचलला अन् निंगालो.

मंग देऊळगाव राजाले प्रसेनजित भेटला. चाळिशीचा माणूस, बोलणं मोजकं, पण हात साफ. त्यानं रेडिओ उघडला तं आतमंधून उंदराचं घरटं निंगालं, अन् घरट्यात काय, तं माह्या लग्नातल्या शालूचा तुकडा! नऊ वर्षं शोधून राह्यली मी तो पदर कोणं कुरतडला म्हणून. आमच्या यायनं तो तुकडा झटकून फेकला अन् म्हणतेत कसे, "रेडिओले काही झालं नाही ना?"

तं प्रसेनजितनं आतलं सारं काढून टाकलं. वरची काच तीच, काचेचा तडा तोच, दोऱ्यावर सरकणारा काटा तोच, आवाजाचा कर्णा बी तोच जुना, नाकात बोलणारा. आत फक्त बिस्किटाएवढी एक पट्टी बसवली. म्हणे, आता हा रेडिओ फोनवर चालन. आमच्या यायचा फोन बटनाचा, म्हणून त्यानं तो माह्या फोनले जोडून देला. "काकू, फोनात जे लावसान ते याच्यातून वाजन. अन् फोन आला तं तो बी याच्यातूनच बोलन." मी हो म्हटलं. घरी जायची घाई होती, अर्धं ऐकलं, अर्धं त्याच्याच दुकानात राह्यलं.

घरी आणून गाडीत बसवला. मामाजी आले, पुढच्या सीटवर बसले, बोटं फिरवली. काच बराबर, पिळाचे कान बराबर, पहिलं बटन, दुसरं बटन... तिसऱ्यावर बोट थांबलं.

"ही माह्या कोटाची गुंडी नाही."

आता ऐका! तिसरं बटन कधीतरी तुटेल होतं, अन् तिथं मामाजीनं आपल्या लग्नाच्या कोटाची गुंडी चिकटवेल होती. प्रसेनजितले काय माहीत? त्यानं बिचाऱ्यानं चार जुने रेडिओ धुंडाळून अस्सल कंपनीचं बटन मिळवलं अन् हौसेनं बसवलं. अस्सल बसवलं तं नक्कल ठरलं! मामाजी खुशीत उतरले, म्हणे, हा आपला रेडिओ नाही, अन् मी काही येत नाही. पुन्हा देऊळगाव राजा. प्रसेनजितच्या कचऱ्याच्या डब्यात मी, या हातानं, गुंडी शोधून राह्यली, अन् हे बाजूले उभे राहून गिऱ्हाइकाले सांगून राह्यले, "वरून जुना, आतून नवा." वाटलं, तो डबाच यायच्या डोक्यात घालावा.

गुंडी लागली. मामाजीले आता बहाणा उरला नाही. तारखेले सकाळी निंगालो. हे गाडी चालवतेत, बाजूले मामाजी, मागं मी. माह्या फोनातून भजन लावलं, रेडिओतून वाजलं, मामाजीची मान डुलली. सिंदखेड राजा मागं पडलं अन् मान थांबली. म्हणे पोटात कळ आली. मंग म्हणे गाडी उभी कर. हे बापाचे असे आज्ञाधारक, केली उभी! म्हणे, उत्तम, घरी वळव.

अन् नेमका माह्या बहिणीचा, दीपमालाचा फोन आला बीबीहून. मी फोन उचलला, कानाले लावला, तं कानात शांतता... अन् भजन बंद होऊन समोर रेडिओच बोलाले लागला. दीपमाला म्हणजे अशी, एकदा सुटली का हॅलो बी ऐकत नाही.

"निंगाले का मंग दुसरबीडचे भगवंतराव? इकडं बीबीत सारे म्हणून राह्यले, म्हातारा अर्ध्या रस्त्यातून वापस येते, लय भेते म्हणे ऑपरेशनले. सोयाबीनचा भाव पडला, तूर बरी हाये. इकडं आभाळ आलं, दुपारून पाणी येईन असं दिसते."

अन् रेंज गेली. भजन पुन्हा सुरू.

 आता वळवाच गाडी, म्या मनात म्हटलं, अन् दीपमालाले पाह्यतेच मी. मामाजीनं वाकून रेडिओले कान लावला. मंग हळूच म्हणतेत, "उत्तम, बातम्यात माह्यं नाव आलं. हे साऱ्या जिल्ह्यात ऐकू गेलं असन का बे?"

माह्या नवऱ्याले तीस वर्षांत वेळेवर शब्द सुचला नाही. त्या दिवशी सुचला.

"साऱ्या महाराष्ट्रात, बाबा."

"मंग गाडी काऊन उभी हाये? चाल."

झालं ऑपरेशन. उजव्या डोळ्याचं, छान झालं. पट्टी निंगाली, मामाजीनं फियाटीत बसून रेडिओ डोळे भरून पाह्यला, काचेचा तडा पाह्यला, गुंडी पाह्यली, हाच आपला रेडिओ म्हणाले. मले वाटलं सुटली! कुठची सुटते... दुसऱ्या डोळ्याची तारीख आली तं म्हणतेत, येणार नाही. ज्या रेडिओनं साऱ्या महाराष्ट्रात मले भित्रा म्हटलं, त्यानं आधी चूक दुरुस्त करावी. मी मागं फिरलो नाही, हे बातम्यात आलं पाहिजे.

खरं सांगून टाका, म्या यायले म्हटलं. तं म्हणतेत, "खरं सांगितलं तं रेडिओ आतून नवा हाये हे समजन त्यायले. मंग डोळा राह्यला."

आता सकाळी सातले काय चालते आमच्या घरी, ते पाह्याले या. माहा फोन खिशात दडवून हे मामाजीसंग गाडीत बसतेत. यायचा बटनाचा फोन घेऊन मी सैपाकघरात, तिथून माह्या फोनवर फोन लावते, हे खिशातल्या खिशात उचलतेत, अन् मी एका हातानं भाकर थापते अन् बातम्या देते. चौथी शिकेल बाई! पहिल्या दिवशी सांगितलं, दुसरबीडचे भगवंतराव मागं फिरले नाहीत, डोळा करून आले. मामाजी खूश. पण एका दिवसावर थोडंच भागते? रोज पाहिजे. मंग तुरीचा भाव सांगते, आभाळाचं सांगते, कोणाची गाय व्याली ते सांगते.

काल बातम्या संपल्यावर मामाजी यायले म्हणाले, दुसऱ्या डोळ्याले येतो गुरुवारी. फक्त त्या रेडिओवाल्यायले एक कळव. बातम्या खऱ्या देतेत, पण ती बाई बदला म्हणा, लय खेकसते, अगदी आपल्या सुनबाईवर गेली.

म्हणून सकाळपासून चुलीपाशी बसून मी गोड बोलून पाहून राह्यली. काय करता... गुरुवारपर्यंत बोलाच लागन.