तिसरं पत्र

नाही नाही, बसा ना, रिबेकाताई — ब्रेक तुमचा, बाकडं तुमचं, मीच अवचित आलोय. आत रिसेप्शनवर विचारलं तर म्हणाल्या, 'शी इज आउट बॅक, हॅविंग हर टी.' डबा खा तुम्ही, माझ्यासाठी थांबू नका. ओळखलंत ना? मिलिंद — एकशे बारा नंबरच्या खोलीतल्या प्रभाताईंचा मुलगा. हां, ऊर्मीचे बाबा. ऊर्मीचे बाबा म्हटलं की या नर्सिंग होममध्ये सगळे ओळखतात, माझ्या नावानं कोण ओळखणार — मी आलोच किती वेळा! किचनर ते ग्वेल्फ, पंचवीस-तीस मिनिटांचा रस्ता, आणि आई दोन वर्षं होती तुमच्याकडे.

ऊर्मी बरी आहे. शनिवारी येत नाही? हो, ते — त्याबद्दलच आलोय. म्हणजे त्याबद्दल नाही, पत्राबद्दल. मेडिकलला अप्लाय करतेय ना ती, शिफारशीची तीन पत्रं लागतात. दोन प्रोफेसरांची गेली, तिसरं तुमचं होतं. तुम्हाला पत्र भरायची लिंकही आली होती — आणि मग मी फोन केला, की राहू द्या, तिची सोय झालीये. तुम्ही बिचाऱ्या म्हणालात, हरकत नाही, पोरीचं भलं होऊ दे. सोय म्हणजे काय, तर अरविंद डॉक्टर! टोरांटोतले मोठे सर्जन, आमच्या मंडळाच्या गणपतीला येतात. मला वाटलं, सर्जनची सही कुठे आणि — नाही, तसं नाही म्हणायचं मला. तसंच म्हणायचंय. म्हाताऱ्यांना अंघोळ घालणाऱ्या बाईंचं पत्र कशाला, असं म्हणालो मी घरी. शेण खाल्लं. काल डॉक्टरांचा फोन — म्हणे, मिलिंद, पहिलाच प्रश्न आहे, उमेदवाराला कधीपासून आणि कसं ओळखता; मी काय लिहू, आरतीला दिसली, मोदक छान वाढते? मला नाही जमणार हे. बरोबरच आहे त्यांचं. आणि अर्जाचं पोर्टल उद्या दुपारी बंद होतंय. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे, दुसरं काय.

आणि तुम्हाला काय काय माहितीये तिचं! विस्मरणाच्या आजारात आईचं इंग्रजी पार पुसलं गेलं होतं, मराठी तेवढं उरलेलं, आणि आमच्या पोरीला मराठी येईना — घरी सगळं 'येस बाबा, नो बाबा'. मावशी मावशी करत तुमच्याजवळ बसून शिकली ती. 'घास घे गो' म्हणायची आजीला — हे 'गो' आमच्या नागपूरचं नाही हो, तुमच्या रेवदंड्याचं. आजी गेल्यावरही येत राहिली, बाकीच्यांना भरवायला.

खरं सांगू? डॉक्टर-बिक्टर निमित्त. त्या फॉर्मवर एक प्रश्न आहे — उमेदवार कठीण वेळी कशी वागली, एक प्रसंग लिहा. मी तो दोनदा वाचला. तुम्ही कुठला लिहिणार ते ठाऊक होतं मला. फेब्रुवारीतला तो शनिवार. आई आत शेवटच्या घटका मोजतेय, ऊर्मी एकटी तिचा हात धरून, आणि मी — तुम्हीच आलात ना पार्किंगमध्ये, अंगावर नुसता स्वेटर, काच वाजवलीत, चला म्हणालात. पाच मिनिटांत येतो म्हटलं. चाळीस मिनिटं हीटर लावून बसलो होतो गाडीत. घाबरलो होतो, बास. ऊर्मीला सांगितलं, हायवेवर अडकलो. पत्र तिला दिसत नाही, कमिटीच वाचते, माहितीये मला — पण कुठले कोण चार लोक वाचणार की मुलगा बाहेर बसून होता... लाज वाटली हो. त्या लाजेपायी मी पोरीचं पत्र थांबवलं.

तर आता लिहा तुम्ही. सगळं लिहा, गाडीसकट, माझी काही अट नाही. फक्त तुमचं नाव परत घालावं लागेल फॉर्मवर — ते मी घालतो, तिचा पासवर्ड आहे माझ्याकडे, तिला कळायचं काही कारण नाही... का म्हणजे? म्हणजे — तिला मी सांगितलंय की तुम्हीच नाही म्हणालात. इंग्रजी लिहायला जमत नाही, उगाच गळ घालू नकोस, असं तुम्ही म्हणालात, असं. तर म्हणाली, 'देन शी कॅन राइट इन मराठी, बाबा, वुई'ल फाइंड अ ट्रान्सलेटर.' म्हणून मग म्हटलं, अगं, त्यांना तुझी कटकट नकोय. रडली खूप. तुमच्यावर रागावलेली नाही ती, ताई — तिला वाटतं, आपण मावशींना नकोशा झालो. शनिवारी येत नाही ती त्यामुळे.

असं बघू नका ना. शिव्या द्या हवं तर — फोन कुणाला लावताय? ताई, उद्या पत्र जाऊ दे, मग मी स्वतः सांगतो तिला, आईशप्पथ — अहो, स्पीकरवर नको, स्पीकरवर — हॅलो. अगं नाही, मावशी नाही, बाबा बोलतोय. हो, मावशींच्याच फोनवरून. रडू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. ऐक. ऊर्मी, मावशी नाही म्हणाल्याच नव्हत्या. मी खोटं बोललो.