आप्पांचा पहिला टॅको

रविवारी लातूरच्या टॅकोच्या दुकानात माझ्या शेजारच्या बाकावर उदगीरहून आलेला एक बाप आणि इथं डॉक्टरकीच्या शिकवणीला ठेवलेली त्याची लेक बसली होती.

“आप्पा, हे प्या. मेक्सिकोत रस्त्यावर विकतात. अननस आणि गूळ आंबवून करतात.”

“आंबवून? बापाला दारू पाजायलीस का?”

“न्हाई हो. टॅको खा.”

“ही तर वाळून वाकडी झालेली भाकरी हाय. आईनं वाढली असती, तर रुसली असतीस.”

“आप्पा, मी शिकवणी सोडते. मला रक्त बघवत न्हाई, डॉक्टर कशी होऊ?”

“म्हणून एवढा पाहुणचार!”

“चिडलात?”

“लई चिडलोय. आणखी एक मागव.”

“आईला तुम्ही सांगा ना.”

“मी न्हाई बाबा. तिला दोन बांधून घे. तोंडात घास असतानाच सांग. मी तोवर उदगीरच्या स्टँडवरच थांबतो.”