निळे सतरा दिवस

(सूत रंगवण्याची खोली. दुपार. दोरीवर ओल्या लडी निथळताहेत. वहिनी आणि धाकटा दीर.)

दीर : ...ती तपासणीची चिठ्ठी परत घ्या, वहिनी. मंगळवारी लाल सूत उतरवायचं आहे. तापलेला हंडा कुणासाठी थांबत नाही.

वहिनी : मंगळवारी थांबेल. डॉक्टरीणबाईंनी तुमचं नाव लिहून घेतलं आहे.

दीर : अहो, दगड पचवणारं पोट आहे माझं! ते जुलाबाचं औषध प्यायचं, दिवसभर धावायचं आणि वर मागून आत कॅमेरा घालून घ्यायचा. इतकी वर्षं जे झाकून ठेवलं, त्याचं आता प्रदर्शन मांडू?

वहिनी : तुमचे दादाही असेच हसायचे.

दीर : दादाचं वेगळं होतं. त्याला मूळव्याध होती.

वहिनी : होती असं त्यांनीच ठरवलं होतं. मलम आणलं, पट्टा आवळला. पट्ट्याला नवं भोक मीच पाडून दिलं, भावजी. वजन उतरलं म्हणून कौतुकही केलं.

दीर : वहिनी, दादाला जाऊन तीन महिने झाले. आता नको ना ते.

वहिनी : बाई म्हणाल्या, सख्ख्या भावाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर त्रासाची वाट बघायची नाही. भावाला ज्या वयात झाला, त्याच्या दहा वर्षं आधी तपासायचं. ते बावन्नचे होते. तुम्ही चव्वेचाळीस. म्हणजे आपल्याला उशीरच झाला आहे.

दीर : पण मला काही होतच नाही!

वहिनी : होत नसतं तेव्हाच ती गाठ मण्याएवढी असते. दुखत नाही, खुपत नाही. तपासतानाच खुडून टाकता येते, असं म्हणाल्या. त्या सांगत होत्या आणि मी माझ्या हातांकडे बघत होते.

दीर : हातांकडे कशाला?

वहिनी : लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून रोज सकाळी मी संडास धुते. लाल रंग लागला की मोरी लाल, नळ लाल, भांडं लाल. तुमचे दादा हात न धुताच आत जायचे. मी पुसायची आणि ओरडायची, "आधी रंग धुवा, मग जा!" किती महिने मी रक्त पुसलं आणि त्यांच्या हातांवर चिडले, कुणास ठाऊक.

दीर : रंगाऱ्याचं घर, वहिनी. कुणालाही रंगच वाटला असता.

वहिनी : नाट्यगृहाचे पडदे आठवतात? सतरा दिवस आपण निळ्याखेरीज काही लावलं नव्हतं. तुमची नखं निळी, त्यांची निळी, दारातलं मांजरसुद्धा निळं. आणि आत लाल. मी विचारलं. ते म्हणाले, "जुनी फरशी आहे, मुरलेला रंग सुटतो."

दीर : आणि तुम्ही...

वहिनी : मला ते पटायला हवं होतं, म्हणून पटलं. दुसऱ्या दिवसापासून पुसायला काही उरेना. वाटलं, थांबलं. नंतर अंथरुणाला खिळल्यावर सांगितलं त्यांनी. माझ्याआधी उठून स्वतःच पुसून ठेवायचे.

दीर : पडदे पुरे होईपर्यंत कुणी सुट्टी मागायची नाही, असं मी म्हणालो होतो. त्याच्यासमोर. याच हंड्यापाशी.

वहिनी : ठाऊक आहे मला.

दीर : कधी बोलला नाहीत.

वहिनी : तुम्ही आताही तेच बोलताय, म्हणून बोलले. तेव्हा पडदे होते, आता मंगळवार. त्यांच्यासाठी मला काही करता येत नाही. तुम्ही अजून समोर उभे आहात.

दीर : ...औषध कधी घ्यायचं?

वहिनी : सोमवारी. मी करून देईन. नाक दाबून प्या.

दीर : आता हा लाल रंग हातात धरवणार नाही, वहिनी.

वहिनी : धरा. पोट त्यावरच चालतं आपलं. फक्त हात बाहेरच्या नळावर धुऊन आत या. म्हणजे आत लाल दिसलं, तर पुसण्याआधी मी तुम्हाला हाक मारेन.