खालची पट्टी

"हॅलो? … हॅलो, दादा? हां, मिलिंद बोलतोय. ऐकू येतंय ना? … थांब जरा, फोन खांद्यात धरतो. दोन्ही हात गुंतलेत."

मिलिंदचे दोन्ही हात टीव्हीच्या डिशमध्ये गुंतले होते. वेल्समधल्या समुद्रकाठच्या एका कॅम्पसाइटवर त्यांची भाड्याची कॅम्पर व्हॅन उभी होती. तिच्या खिडकीबाहेर, गवतात रोवलेल्या तीन पायांच्या तिकाटण्यावर परातीएवढी डिश होती आणि जेवणं झाल्यापासून तो ती फिरवत होता. आत, घडीच्या टेबलापाशी त्याची आई सुप्रभाबाई छोट्या टीव्हीसमोर बसल्या होत्या. पडद्यावर चित्र नव्हतं. निळ्या रंगावर आडव्या दोन पट्ट्या होत्या, वरची अर्धी भरलेली आणि खालची रिकामी. मिलिंदने त्यांना बजावलं होतं की वरच्या पट्टीकडे लक्ष देऊ नकोस, ती कशानेही भरते. खालची भरली की हाक मार, म्हणजे बरोबर उपग्रह सापडला. त्या कधीच्या खालच्या पट्टीकडे बघत होत्या आणि त्याने "आता?" विचारलं की "नाही" म्हणत होत्या.

केबल आत घ्यायची म्हणून खिडकी उघडी ठेवली होती. मिलिंदचं बोलणं त्यांच्या मांडीवर पडावं इतकं जवळून येत होतं. फोनमधला थोरल्या मुलाचा, माधवचा आवाज मात्र येत नव्हता. माधव तिकडे भारतात होता.

"हो, तेच घेतलं, तिकाटण्यावालं. … टपावरचं कसं घेणार? भाड्याची गाडी आहे, भोकं पाडू देतील का? … मीटर नाही घेतला. … अरे, तूच म्हणालास ना, मीटरबिटर दुकानदाराचे चोचले असतात म्हणून."

ते खरं होतं. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या दुकानात डिशचे तीन प्रकार होते. एक टपावर बसवायचा, आपला आपण उपग्रह शोधणारा. दुसरा रबरी वाटीने काचेला चिकटणारा. तिसरा हा. उपग्रह सापडला की शिट्टी वाजवणारा एक मीटरही दुकानदाराने काउंटरवर काढून ठेवला होता. मिलिंदने तिथूनच दादाला फोन लावला. माधवने वर्षभरापूर्वी नागपुरातल्या प्रतापनगरच्या घराच्या गच्चीवर स्वतःच्या हाताने डिश बसवली होती, आणि तेव्हापासून घरात या विषयावर शेवटचा शब्द त्याचा होता. तसा तो सगळ्याच विषयांवर असे. इंजिनिअरिंगची शाखा, पहिली कंपनी, इंग्लंडची नोकरी, सगळं मिलिंदने दादाला विचारून घेतलं होतं. चाळिशीला आला तरी डिश विचारूनच घेतली. शिट्टीचा मीटर काउंटरवरच राहिला, आणि शिट्टीच्या जागी सुप्रभाबाई बसल्या.

डिश त्यांच्यासाठीच होती. सहा महिन्यांच्या व्हिसावर त्या मुलाकडे आल्या होत्या. रोज संध्याकाळी एक हिंदी मालिका बघायच्या, आणि आठवडाभर ती चुकणार म्हणून सहलीला यायला तयार नव्हत्या. म्हणून मिलिंदने घरचा सेट-टॉप बॉक्स, त्यातलं चॅनलचं कार्ड, सगळं उचलून आणलं. सून निवेदिता जेवल्यावर समुद्रावर फिरायला गेली होती. दिवे लागायला इकडे उन्हाळ्यात फार उशीर होतो. टेकडीवर अजून पिवळं ऊन होतं.

"इथं सगळ्यांच्या डिश समोरच्या टेकडीकडे तोंड करून आहेत रे. … नाही, वर नाही, अगदी सरळ, भिंतीकडे बघितल्यासारख्या. शेजारचे म्हातारबुवा म्हणाले, आमच्यासारखी लाव. … हो? … अच्छा, म्हणजे गोऱ्यांचे चॅनल वेगळे आणि आपले… भारताच्या बाजूचे. … ते पण बरोबर आहे. आई, आता?"

"नाही," सुप्रभाबाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा पुसला. या मालिकेचं त्यांना काही फार वाटत होतं असं नाही. नागपुरात माधवची बायको अर्चना आणि त्या एकत्र ती बघायच्या, आणि इथे बघितली की रविवारी फोनवर बोलायला विषय असायचा. परतीचं तिकीट गणपतीच्या आधीचं होतं. महालक्ष्म्या त्यांच्या हातानेच बसायच्या. घर त्यांचं आणि त्यांच्या दिवंगत नवऱ्याचं होतं, दोघांच्या बँकेतल्या नोकऱ्यांवर उभं केलेलं, आणि पूर्वेची खोली त्यांची होती. इथे त्या आनंदात होत्या, कारण इथून जायचं होतं.

"हां, बोल ना. … आत्ताच? … आत आहे ती. … नाही रे, टीव्हीसमोर बसलीय. तिला कुठे ऐकू येतंय? बोल तू."

सुप्रभाबाईंचे कान चांगले होते. त्यांनी पट्टीवरची नजर हलवली नाही.

बाहेर मिलिंद बराच वेळ नुसतं "हं" म्हणत राहिला. माधव काही अवघड सांगत असला की धाकट्याचं "हं" लांबतं, हे त्यांना दोघांच्या शाळेपासून ठाऊक होतं. मग तो इंग्रजीत बोलायला लागला. आईसमोर बोलायचं नसलं की दोघं भाऊ इंग्रजीत शिरत. बत्तीस वर्षं बँकेची पत्रं इंग्रजीत लिहिलेल्या बाईपासून काही लपवायचा हा मार्ग नव्हे, हे दोघांच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं.

"सो… द हाउस इज ऑलरेडी गिव्हन ऑन रेंट? … आय थॉट यू वेअर स्टिल थिंकिंग. … व्हेन? … दादा, मे? मे म्हणजे आई इकडे येऊन…"

तो थांबला. त्याच क्षणी, बहुधा हात अडखळला म्हणून, डिश जराशी टेकडीकडे वळली. खालची पट्टी थरथरली आणि सरकन भरली. निळा रंग गेला. पडद्यावर हिरव्या शालूतली एक बाई आली आणि मोठ्याने रडू लागली.

सुप्रभाबाईंनी आवाजाचं बटण दाबून तो बंद केला.

"आई, आता? काही आलं का गं?"

आलं म्हटलं असतं तर मिलिंद फोन ठेवून आत आला असता. शाबासकी मागितली असती, चहा टाकला असता, आणि माधवचं उरलेलं बोलणं त्यांना विमानतळावर कळलं असतं, नाहीतर त्यानंतर.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणते, दादा. … बघतो. … ते राहू दे, तू पुढे सांग. कोण राहतं तिथं आता? … क्लासवाले? म्हणजे खाली-वर दोन्ही? … आईच्या खोलीत पण बाकं टाकली?"

हिरव्या शालूतली बाई मुक्याने रडत होती. सुप्रभाबाईंना आठवलं की मे महिन्यापासून माधव रविवारी मोबाइलवरूनच बोलतो. घरचा फोन बंद पडलाय, लाइनमनला सांगितलंय, असं तो म्हणायचा. त्यांनी दोनदा विचारलं होतं, अजून नाही आला का रे तो? आणि माधव म्हणाला होता, तुला माहीत आहे ना आई, इथली माणसं.

मिलिंदच्या तुटक बोलण्यातून त्यांनी बाकीचं जुळवलं. माधवची पुण्याला बदली झाली होती. झाली म्हणजे त्याने मागून घेतली होती. पुण्यातलं भाड्याचं घर लहान होतं. अर्चनाला तिथे नोकरी मिळाली होती. आईचं सामान खोक्यांत बांधून कुणाच्या तरी गॅरेजमध्ये ठेवलं होतं. आपल्याला इकडे पाठवलं त्या सहा महिन्यांचा अर्थ आता निराळा लागत होता. त्यांना वाटलं होतं, मिलिंदने हट्टाने बोलावलं.

"अरे, मी कसा ठेवणार? व्हिजिटर व्हिसा आहे, वाढत नाही तो. … डिपेंडंटचं फार कठीण असतं, मी वकिलाला विचारलं. … आणि माझंच इथलं काम डिसेंबरपर्यंत आहे. पुढे कुठे टाकतील, परत बोलावतील, काही सांगता येत नाही. … नाही, निवेदिताला नाही बोललो अजून. तू पण अर्चनावहिनीला बोलू नकोस."

तर तेही होतं. त्याच्या खांद्यावर काय होतं ते त्यांना या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. त्यांना खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. मान वाकडी करून फोन धरलेला, डिशला दोन्ही हातांनी धरून उभा, लहानपणी पतंगाची दोरी कुणी हातात दिली की जसा हलायचा नाही तसा.

"मग कुठे, दादा? तू सांग ना. … अरुणामावशीकडे? … अमरावतीला?"

सुप्रभाबाईंचा हात टेबलावर सपाट झाला.

अरुणा त्यांची धाकटी बहीण. आईच्या शेवटच्या आजारपणात कोण किती दिवस राहिलं यावरून दोघींचं जे फाटलं, ते नंतर कुणाच्या लग्नातही शिवलं गेलं नाही. आता अरुणा एकटी होती, पायाने अधू होती, आणि तिला सोबत हवी होती. दिवसभर घरात असणारं, रात्री औषध देणारं माणूस.

"तिला… मावशीला विचारलंस? … हो म्हणाली? … हं. … हं. … पण आईला? … मी पण नाही विचारलं. … मला वाटतं, इथं असेपर्यंत नको. तिची सुट्टी चांगली जाऊ दे. … हो. … मग तूच सांग ना, तू मोठा आहेस. … नाही दादा, मी नाही सांगणार. … बरं, मुंबईला उतरली की सांगू. तू घ्यायला ये आणि गाडीत सांग."

पडद्यावर मालिका संपत आली होती. शालूतल्या बाईचे डोळे पुसायला कुणीतरी आलं होतं. चित्र इतकं स्वच्छ होतं की तिच्या बांगड्यांवरची नक्षी दिसत होती.

"आई, आता?"

"नाही रे."

त्यांना वाटलं, आवाज बदलला असेल. मिलिंदला तो कळला नाही.

"काहीच नाही येत, दादा. … वर? किती वर? … गच्चीवर तू आकाशाकडेच केली होतीस नाही का? … हो, हो, डोक्यावर. … अरे, पण म्हातारबुवा… बरं, बरं. करतो. तू म्हणतोस तर करतो."

तो खाली वाकला. त्याने मागचा नट सैल केला आणि टेकडीकडे सरळ बघणाऱ्या डिशचं तोंड आभाळाकडे उचललं, नागपुरातल्या गच्चीवर असतं तसं. शालूतल्या बाईचे आधी चौकोन झाले, मग चौकोनही उडाले. निळा रंग आला. खालची पट्टी रिकामी झाली.

शेजारच्या कॅराव्हॅनच्या पायरीवर बसलेल्या म्हातारबुवांनी हे पाहिलं. त्यांनी हाताने खुणा केल्या, खाली, खाली. मिलिंदने हसून अंगठा दाखवला आणि डिश आणखी थोडी वर केली.

"केली. … आता पूर्वेला? किती? … हां, होकायंत्र आहे. … दादा, एक मिनिट उरलंय म्हणतेय फोन-कार्डवाली बाई. … नाही, दुसरं कार्ड घरी राहिलं. … ऐक ना. ऐक. मावशीला एवढं सांग की आईला वेगळी खोली… हो, पण सांग. आणि तिच्या पाटल्या त्या खोक्यांत नाहीत ना? … बघ एकदा. … आणि दादा, हे आपण बरोबर करतोय ना? … हॅलो? … दादा? … हॅलो?"

फोनचं कार्ड संपलं होतं. मिलिंदने फोन कानापासून काढून बघितला, पुन्हा कानाला लावला आणि खिशात टाकला. मग मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी त्याने डिश पूर्वेकडे वळवली.

"आता, आई?"

"अरुणाकडे मी जाणार नाही," सुप्रभाबाई म्हणाल्या.

तो वळला नाही. डिशवरचे हात तसेच राहिले. शेजारच्या कॅराव्हॅनमधून इंग्रजी बातम्यांचा आवाज येत होता.

मग तो खिडकीशी आला आणि आत वाकून पडद्याकडे बघत राहिला, जणू जे काही बोलायचं ते तिथे उमटणार होतं.

"केव्हापासून ऐकत होतीस?"

सुप्रभाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग कुठे जाशील?" त्याने विचारलं. त्यात राग नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

सुप्रभाबाईंनाही नव्हतं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि त्याला केबल बाहेर ओढून घेता यावी म्हणून खिडकीची काच आणखी थोडी वर उचलून धरली.